खारीची पहिली पाटी

आमच्या गावात बाईने धाब्यावर चढायला कोणाची हरकत नव्हती. पापड वाळत घालायला चढा, कुरडया घालायला चढा, मिरच्या पसरायला चढा. दिवसातून दहा वेळा शिडी चढलात तरी कोणी ब्र काढणार नाही. फक्त हातात फावडं घेऊन चढायचं नाही. कुरडयांचं पातेलं वर नेणारी बाई सुगरण, आणि मातीची पाटी वर नेणारी बाई घरबुडवी. हा भेद कोणी ठरवला, ते मी पुढे पुष्कळांना विचारलं. एकानेही धड उत्तर दिलं नाही.

धाबं म्हणजे तापीकाठच्या सपाटीवरच्या घरांचं मातीचं सपाट छप्पर. लाकडाचे सरे, त्यांवर आडव्या काटक्या, त्यांवर तुराट्या, मग निंबाचा पाला, मग चिखल, आणि सगळ्यांत वर खारी. खारी म्हणजे नाल्याच्या काठाला सापडते ती पांढरट, जिभेला लावली तर खारट लागणारी माती. पाणी लागलं की ती फुगते आणि भेगा आपोआप बुजवते. दर उन्हाळ्याच्या शेवटी जुनी खारी खरवडून नवी घातली की घराला वर्षभराची काळजी नाही. हे सगळं मी लग्न होऊन आल्यावर शिकले. माझं माहेर खापरच्या बाजूचं. तिकडे डोंगरातला पाऊस, म्हणून घरं कौलारू, चांगल्या उतरत्या छपरांची. सासरचं घर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं, या लोकांनी घर बांधता बांधता कंटाळून सोडून दिलंय.

नव्या खारीची पहिली पाटी घरधन्याने टाकायची, असा इकडचा रिवाज. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला पागोटं, पूर्वेकडे तोंड. पाणी जायच्या पन्हाळीपाशी नारळ फोडायचा, पाटी पालथी करायची, मग इतरांनी हात लावायचा. दिसायला एवढंसं काम. पण घराच्या मालकीवरून भांडण निघालं की पंच पहिला प्रश्न हाच विचारत, पाटी कोण टाकतं? कागदाचं नाव नंतर निघायचं. मी चार बुकं शिकले होते, कागद वाचू शकत होते, पण मला कोण विचारतंय?

तेव्हा आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. गाव रनाळ्याच्या अलीकडे. माझं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. थंडीच्या दिवसांत माझा नवरा तापाने गेला. सहा दिवस ताप आला आणि सातव्या दिवशी माणूस नाही. दुःख झालं, ते इथे लिहीत नाही. रागही आला, तो लिहिते. इतकी घाई करून जायचं होतं तर निदान धाब्याच्या सऱ्यांकडे एकदा नीट बघून जायचं होतं. दोन वर्षं ते "करू, करू" म्हणत होते आणि दोन वर्षं आमच्या मधल्या खणात पावसाचं पाणी ठिबकत होतं.

घर तीन खणांचं, वाटणीत आलेलं, गाडीरस्त्याच्या तोंडाशी. जेठांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं, मोठं घर मागच्या गल्लीत, सासूबाई त्यांच्याकडे. जेठ वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की मी एखाद्या राक्षसाशी झुंजले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. बोलणं मऊ, कधी कोणावर आवाज चढवला नाही. नवऱ्याचे दिवस झाले त्याच महिन्यात माझं शेत त्यांनी आपल्या नांगराखाली घेतलं, तेसुद्धा "तिला कुठे जमणार" असं म्हणून, कनवाळूपणाने. राहिलं होतं घर. त्याच्या दारात कापसाची गाडी थेट लागत होती, आणि जेठांना कापूस ठेवायला जागा हवी होती.

मी त्यांच्याशी एक अक्षर बोललेले नव्हते. धाकट्या भावाच्या बायकोने जेठासमोर तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पदर हनुवटीपर्यंत ओढायचा. काही सांगायचंच झालं तर सासूला सांगायचं, सासू नसेल तर भिंतीकडे तोंड करून बोलायचं आणि त्यांनी ते ऐकायचं. पाच वर्षं मी भिंतीशी बोलत होते. जेठांनी माझा चेहरा पाहिलेला नव्हता, आणि मीही त्यांचे जोडेच जास्त ओळखत होते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि त्यांचा निरोप आला. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "यंदा हाई धाबं पानीम्हा टिकाव नही, म्हने. मोठा सांगस, वहूले आपला घर लई ये. एकलं काब्र ऱ्हावानं?"

तिकडे गेले की काय वाट्याला येणार, ते मला ठाऊक होतं. पहाटे जातं, मग चूल, मग गोठा, मग पुन्हा चूल. आणि इकडे माझ्या धाब्यावर जेठ पागोटं बांधून पहिली पाटी टाकणार, की झालं, घर त्यांचं. भांडण नाही, तंटा नाही, पंच नाहीत. मी माझ्या पायांनी निघून गेलेली.

माहेरून भावाचा निरोप होता, परत ये, पाट लावून देऊ, म्हणजे दुसरं लग्न. आमच्यात ते चालतं. मी नाही म्हटलं. मला नवरा नको होता. मला आतून कडी लावता येईल असं एक दार हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतं. तेवढंच होतं.

मी धाब्याच्या कामाला माणसं बघायला निघाले. सुताराचा हात दुखत होता. गाढवांवरून खारी आणणाऱ्याचं गाढव लंगडत होतं. धाबं चोपणारे दोघे भाऊ, त्यांना एकाच दिवशी एकाच गावचं लग्न निघालं, आणि ते लग्न पाऊस लागेपर्यंत संपणार नव्हतं. मी चौथ्या दारात गेलेच नाही. जेठांनी कोणाला धमकी दिली नसणार. नुसतं सांगितलं असेल, "राहू द्या, ती आमच्याकडेच येणार आहे." मऊ बोलणाऱ्यांना एवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कासोटा आवळला, पदर कमरेला खोचला आणि फावडं घेऊन शिडी चढले.

पहिल्या तासात हातांना फोड आले. दुसऱ्या तासात गल्ली गोळा झाली. मी जुनी खारी खरवडून खाली टाकत होते आणि माणसं ती चुकवत चुकवत वर बघत होती. सासूबाई धावत आल्या. त्यांचा श्वास लागला होता. "वर चढीसन माटी उकरस? बाई मानूस? पानी रुसी जाई ना गाववर!"

"मागला महिनाम्हा कुरडया टाक्यात तव्हय नही रुसना," मी वरून म्हटलं. खाली कोणीतरी हसलं. सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी एक भिल्ल बाई आली. सातपुड्याच्या पायथ्याहून दर वर्षी कापूस वेचायला यायची, त्या साली मागेच राहिली होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. शिडीखाली उभी राहून तिने विचारलं, काय देशील? मी म्हटलं, कणगीतली अर्धी ज्वारी. तिने वाटाघाट केली नाही. आपल्या मोडक्या अहिराणीत म्हणाली, "तुन्हा जेठनी सांगं, तठे जाऊ नको. मी काय त्यान्ही बायको शे?" आणि वर चढली. मला त्या सबंध उन्हाळ्यात इतकं हसू कधी आलं नव्हतं.

तिला लाकूड कळत होतं. मधल्या खणातला सरा तिने बोटाने वाजवून बघितला आणि मान हलवली. आतून उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. वरून लाकूड चांगलं दिसत होतं, पण नखाने खरवडलं तर भुसा गळायचा. सरा बदलायला चार गडी लागतात. आमच्याकडे चार हात होते. परसात नवऱ्याची मोडकी गाडी पडली होती, तिचं लांब लाकूड आम्ही कुऱ्हाडीने सोडवलं, घरात सपाट दगड रोवला आणि त्यावर तो टेकू उभा करून सऱ्याखाली ठोकला. तो खांब पुढे वर्षानुवर्षं माझ्या घराच्या ऐन मधोमध उभा होता. पहिल्या महिन्यात मी त्याच्यावर निदान वीस वेळा डोकं आपटलं.

मग खारी. नाला गावापासून दोन हाकांवर, पण डोक्यावर ओली माती घेतली की तो धुळ्याच्या पलीकडे जातो. आम्ही सकाळी अंधुक उजेडात निघायचो आणि ऊन तापायच्या आत चौदा-पंधरा पाट्या आणायचो. मान आखडली. एका कुशीवर झोपता येईना. विहिरीवर बायका मला बघून रहाट सोडून बाजूला व्हायच्या, जसा काही मला संसर्ग झाला होता. त्यांतल्या दोघी-तिघी माझ्या हातांकडे मात्र बघत राहायच्या. मी हात लपवले नाहीत.

आठ-नऊ दिवसांत तुराट्या पडल्या, पाला पडला, चिखलाचा थर वाळला. अंगणात खारीचा ढीग तयार. दुसऱ्या दिवशी ती घालायची, हे गावाला दिसत होतं.

आणि त्या दुसऱ्या दिवशी सकाळी जेठ आले.

मी वर होते. भिल्ल बाई अंगणात पाट्या भरत होती. जेठांच्या अंगात धुतलेला सदरा होता, डोक्याला कोरं पागोटं, हातात नारळ. मागे ते चोपणारे दोघे भाऊ, म्हणजे लग्न एकदाचं आटोपलं होतं, आणि लंगडं गाढव चार पायांवर ठणठणीत उभं. शेवटी सासूबाई. मला वाटलं होतं ते अडवायला येतील, काम मोडायला येतील. ते मदतीला आले होते. इतके दिवस मी आणि त्या बाईने मान मोडून जे उभं केलं, त्याच्यावर पाटीभर माती टाकून ते आपलं करायला आले होते. अडवलं असतं तर मला इतका राग आला नसता.

ते शिडीपाशी आले. वर न बघता आईला म्हणाले, "मांय, वहूले सांग, खाले उतर म्हना. खूप कयं तिनी. आते मी टाकस पाटी."

सासूबाईंनी वर बघितलं. रीतीप्रमाणे मी आता गुपचूप उतरायचं होतं, किंवा धाब्याच्या कठड्याशी काहीतरी पुटपुटायचं होतं. भिंत तिथे नव्हतीच. वर नुसतं आभाळ होतं. माझा पदर कमरेला होता, डोक्यावर खारीची धूळ, आणि तोंड उघडं. मी धाब्याच्या काठाशी आले आणि थेट त्यांच्या पागोट्याकडे बघून बोलले.

"दादा, शिडीवर पाय ठेवू नका. हाई घर मन्हं शे. पयली पाटी मी टाकसू."

अंगणात गाढवाने कान हलवले. जेठांनी मान वर केली. पाच वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझा चेहरा बघितला, आणि मी त्यांचा. चेहरा दमलेला होता, नवऱ्याच्या वळणावरचा. पण मी बाजूला झाले नाही.

ते आईकडे वळले. "मांय," ते म्हणाले, "हाई बोलस?"

भिल्ल बाईने भरलेली पाटी शिडीवरून माझ्याकडे दिली. मी पूर्वेला तोंड केलं, कारण मला रिवाज मोडायचा नव्हता, मला तो पाळायचा होता. नारळ माझ्याकडे नव्हता. मी पाटी पालथी केली. खारी धप्पकन पडली आणि धूळ उडून माझ्याच डोळ्यांत गेली. डोळे चोळून बघते तो जेठ निघाले होते. नारळ ते घेऊन गेले.

इथे मी गोष्ट संपवली असती तर बरं दिसलं असतं. पण त्या साली पाऊस लांबला. मृग कोरडा गेला. रोज सकाळी गाव आधी आभाळाकडे बघायचं आणि मग माझ्या धाब्याकडे. मारुतीच्या पारावर उघड बोलणी व्हायची की बाईच्या हातची खारी लागली. मी भाकरी थापता थापता पावसाला शिव्या घालत होते, आणि मनात घाबरले होते. विश्वास नव्हता, तरी घाबरले होते. चार माणसं रोज एकच गोष्ट बोलू लागली की ती पोटात शिरते.

शेवटी पाऊस आला. अर्ध्या घटकेत माझ्या पन्हाळीतून पांढरं दूध वाहू लागलं. ती माझी खारी होती. मग मधल्या खणात टप, मग चुलीवर, मग अंथरुणावर, मग मोजणं सोडून दिलं. बाहेर येऊन बघितलं तर सगळ्या गावाच्या धाब्यांवर माती जागच्या जागी आणि माझ्या धाब्यावरून ओहोळ निघालेला.

चूक माझी होती, आणि ती मुलखाची होती. खापरच्या मुलीला छप्पर म्हणजे उतार, एवढंच माहीत. पाणी जितकं लवकर जाईल तितकं चांगलं. म्हणून मी मागच्या बाजूला खारीचा थर हातभर आणि पन्हाळीकडे चार बोटं ठेवला होता. भिल्ल बाईसुद्धा डोंगराकडचीच. आम्हा दोघींनाही तो उतार फार सुरेख वाटला होता.

पाऊस उघडला तशा सासूबाई आल्या. जेठांनी पाठवलं होतं, मला घेऊन यायला. त्या अंगणात उभ्या राहिल्या, पन्हाळीखालच्या पांढऱ्या चिखलाकडे बघितलं, आणि निरोप सांगायच्या ऐवजी एकदम तडकल्या. "येडी! इतला उतार कोन देस? पानी पयाले नको, चालाले पाह्यजे. सावकाश जाई तवय खारी फुगी ना!" मग हाताच्या पंजाने हवेतच उतार दाखवला, किती असावा तो. अगदी थोडा. चाळीस वर्षं त्या खाली उभ्या राहून चिखलाला पाणी पुरवत होत्या आणि वर काय चाललंय ते बघत होत्या. कोणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. मला निरोप त्यांनी सांगितलाच नाही. तशाच परत गेल्या.

चार दिवस उघाडी होती. आम्ही दोघींनी पुन्हा सगळी खारी ओढली, नाल्यावरून आणखी आणली आणि सासूबाईंच्या पंजाएवढा उतार दिला. या वेळी गल्लीत कोणी बघायला थांबलं नाही. लोकांनी माझा विषय संपवून टाकला होता. दुपारी दुपारी मी एकटीच चोपणं घेऊन धाबं बडवत बसायचे, आणि प्रत्येक ठोक्याला तोंडातून काय काय निघायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग झड लागली. दोन दिवस आणि दोन रात्री उसंत नाही. मी खांबाला टेकून वर बघत बसले होते. मान दुखली तरी बघत होते. सरे ओलसर वास मारत होते, पण थेंबसुद्धा गळत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. मी कडी काढली. सासूबाई, डोक्यावर गोणपाटाची खोळ, पाय चिखलाने माखलेले.

त्या आत आल्या. आधी वर बघितलं. मग मधल्या खणात गेल्या, वाकून भुईवर तळवा टेकला. चुलीपाशी टेकला. चारही कोपऱ्यांत टेकला.

"कोठेच गयत नही?"

"कोठेच नही."

त्या खाली बसल्या. पदराने पाय पुसले. मग पाठ केल्यासारखं म्हणाल्या, "मोठानी धाडं माले. चाल म्हने आते तरी. तुन्हं आंथरून टाकेल शे, चूलनाजोडे."

मी विचारलं, "कोनं आंथरून?"

"आंथरून म्हंजे आंथरून."

"तठे जास्तीनं आंथरून नही शे. माले माहीत शे. कोनं?"

सासूबाईंनी खोळ पुन्हा डोक्यावर घेतली, काढली, मांडीवर ठेवली. "मन्हंच शे," त्या म्हणाल्या. "दुसरं कोठे ऱ्हास?"

"मंग तुम्ही कोठे निजशात?"

"भुईवर. मन्हं काय."

माझ्या डोक्यात सणक गेली. सबंध उन्हाळा ते घर मला बोलावत होतं, ये, आपलंच घर आहे, ये. आणि त्या मोठ्या घरात माझ्यासाठी एक गोधडीसुद्धा निघत नव्हती. ती ते या म्हातारीच्या अंगाखालून ओढून मला देणार होते, आणि पुढे केव्हातरी माझ्या अंगाखालून आणखी कोणाला. मला जेठांवर ओरडायचं होतं, पण ते समोर नव्हते. समोर ओल्या पायांनी एक बाई बसली होती, आणि ती अजूनही मान वर करून सऱ्याकडे बघत होती.

"मंग ते आंथरून आठे लई या," मी म्हटलं. "आठे गयत नही."